वजन बेताचे, पोट सुटलेले: कंबरेचा टेप नेमके काय सांगतो

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या सरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो. शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत त्यांचा बीएमआय २२.७ निघाला आणि कागदावर ‘सामान्य’ असा शेरा मिळाला. पुढच्याच आठवड्यात वाडीतल्या आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरायला घरी आल्या. त्यांनी टेप लावला, कंबर ९५ सेंटिमीटर भरली आणि ‘सर, एकदा साखर तपासून घ्या’ एवढे सांगून त्या पुढच्या घरी गेल्या. सर पँट ३४ ची घालतात, म्हणजे हिशेबाने ८६ सेंटिमीटरची; मग ९५ आले कुठून, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पत्नीविषयी आहे. त्यांचे वय ४३, उंची १५४, वजन ६८ किलो, कंबर ८३ आणि नितंबांचा घेर १०६ सेंटिमीटर. प्रत्येक डॉक्टर त्यांनाच वजन कमी करायला सांगतो आणि सरांकडे पाहून मान डोलावतो. तर काळजी नेमकी कोणाची करायची? सरांचा स्वतःचा नितंबांचा घेर ९३ आहे. वडिलांना मधुमेह होता, हे त्यांनी अगदी शेवटी जाता जाता कळवले आहे. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे होते.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. आशाताईंचे म्हणणे बरोबर आहे. दोघांत तातडी आहे ती सरांची. बाईंचे वजन जास्त आहे यात शंका नाही, पण त्यांची चरबी ज्या ठिकाणी बसली आहे ते ठिकाण सरांच्या चरबीपेक्षा पुष्कळ कमी उपद्रवी आहे. किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावात गेली सत्तावीस वर्षे रुग्ण तपासताना मला सर्वांत जास्त फसवणारा रुग्ण भेटला आहे तो हाच: हाडापेराने किरकोळ, हातापायांच्या काड्या, गाल बसलेले, आणि सदऱ्याच्या आत नारळ लपवावा तसे पोट. त्याला कोणी लठ्ठ म्हणत नाही. घरचे उलट ‘अंगाला काही लागतच नाही’ म्हणून तूप वाढत असतात.

बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. बेल्जियमचे गणिती आदोल्फ केतले यांनी हे सूत्र १८३२ च्या सुमारास मांडले, ते माणसांच्या समूहाची सरासरी ठेवण अभ्यासण्यासाठी. एका माणसाचा आजार ओळखण्यासाठी नव्हे. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी दिले. मोठ्या लोकसंख्येवर हा आकडा चांगला चालतो, काढायला सोपा आहे आणि फुकट आहे, म्हणून तो टिकला. मात्र वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे स्नायू किती, हाडे किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे, यांपैकी एकही गोष्ट त्याला कळत नाही. माझ्याकडे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, येतात. उंची १७२, वजन ८० किलो, बीएमआय २७. कागदावर ते सरांपेक्षा कितीतरी लठ्ठ. त्यांची कंबर मी मोजली तर ती ८४ भरते, कारण ते वजन छाती, खांदे आणि मांड्यांचे आहे. सरांच्या शरीरात याच्या बरोबर उलटे घडले आहे: स्नायू कमी असल्याने काटा खाली राहिला आणि पोटातली वाढ त्या कमी वजनाआड लपली.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे असते, ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधील मार्सेय शहरातील डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ मध्येच पुरुषी ठेवणीची आणि स्त्रियांच्या ठेवणीची चरबी असा भेद केला होता, आणि मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या प्रकारात अधिक दिसतात असे नोंदवले होते. पुढे सीटी आणि एमआरआय आल्यावर पोटाच्या आडव्या छेदात ही चरबी प्रत्यक्ष मोजता आली. त्वचेखालची चरबी वेगळी आणि आतड्यांभोवती, पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी वेगळी. पहिली बोटांच्या चिमटीत येते, दुसरी येत नाही. म्हणूनच ‘माझे पोट कडक आहे, थुलथुलीत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषांची मला अधिक काळजी वाटते.

या आतल्या चरबीचा उपद्रव दोन वाटांनी होतो. ती त्वचेखालच्या चरबीपेक्षा लवकर विरघळते, इन्सुलिनने आवरले तरी पुरेशी आवरत नाही, आणि तिच्यातून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात, थेट यकृतात उतरतात. यकृतात चरबी साठते, ट्रायग्लिसराइड हा रक्तातला मेद वाढतो, उपाशीपोटी यकृताने साखर सोडायची थांबवावी ती थांबत नाही. दुसरी वाट समजून घ्यायला आपल्याकडच्या कणगीचे उदाहरण सोयीचे आहे. दोन घरांत भात सारखेच पिकले, पण एका घरची कणगी मोठी आणि दुसऱ्या घरची लहान. मोठ्या कणगीत सगळे भात मावते. लहान कणगीवाल्याची पोती आधी पडवीत, मग माजघरात, मग चुलीशेजारी येतात आणि घरात चालायला वाट उरत नाही. मांड्या, नितंब आणि त्वचेखालचा थर ही शरीराची कणगी. तिथे साठलेली चरबी बव्हंशी मुकाट्याने पडून राहते. ज्याची ही कणगी जन्मतः लहान, त्याची चरबी थोड्याच वजनवाढीत यकृत, स्नायू आणि आतड्यांच्या आसपास शिरते.

आपल्या लोकांची कणगी लहान आहे, असे मानायला भक्कम आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांची मापे घेऊन ती इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिथली ३.५ किलोंची. पोट आणि स्नायू यांच्या मापांत आपले बाळ बरेच मागे होते, पण खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेची घडी मोजली तर तिथे चरबी जवळजवळ राखलेली होती. म्हणजे बारीक दिसणारे, तरी आतून मेदाळ असे शरीर आपण पाळण्यापासूनच घेऊन येतो, आणि पुढे भाताचे ताट तेच राहून अंगमेहनत तेवढी गेली की त्याचा हिशेब चाळिशीत कंबरेवर दिसू लागतो.

यामुळेच आपले उंबरठे वेगळे आहेत. युरोपीय पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे ९४ सेंटिमीटरला धोका वाढलेला आणि १०२ ला बराच वाढलेला असे आहेत. स्त्रियांसाठी ८० आणि ८८. दक्षिण आशियाई लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० अशी मानली जाते. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निकषांत त्याही अलीकडे एक सावधगिरीची पायरी आहे: पुरुष ७८, स्त्रिया ७२. या पायरीवर आजार नसतो, पण वजन आणखी वाढू देऊ नये एवढा इशारा असतो. बीएमआयसाठीही आपल्याकडे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. इंटरनेटवर दिसणारे २५ आणि ३० हे आकडे आपल्यासाठी सैल आहेत. सर मात्र २२.७ वर असल्याने या कडक जाळीतूनही निसटले, आणि नेमक्या अशाच माणसासाठी टेप लागतो.

आता पँटचा प्रश्न. पँटवरचा आकडा कंबरेचा नसतो. तो पट्टा जिथे बसतो त्या जागेचा असतो, आणि पोट सुटलेला पुरुष पट्टा पोटाखाली, जवळजवळ ओटीपोटावर बांधतो. पोट जसे पुढे येते तसा पट्टा खाली सरकतो आणि माप तेच राहते. शिवाय तयार कपडे विकणारे ३४ लिहून ३५ किंवा ३६ इंचांचा कपडा देतात, म्हणजे गिऱ्हाईक खूश. करदोट्याचेही तेच. ‘लग्नातला करदोटा अजून बसतो’ असे सांगणारे एक गृहस्थ माझ्यासमोर उभे होते आणि तो करदोटा पोटाच्या वळीखाली इतका आत गेला होता की बोटाने शोधून दाखवावा लागला.

माप कसे घ्यावे याबद्दल सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर उघड्या अंगाने उभे राहावे. दोन्ही पाय जवळ, वजन दोन्हींवर सारखे, हात बाजूला सैल. काखेच्या मधून सरळ खाली बोटे फिरवत आणा. शेवटच्या बरगडीची खालची कड हाताला लागते. मग खालून, कुल्ह्याच्या बाजूच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. पोट सुटलेल्या माणसात तो वाटतो त्यापेक्षा बराच वर असतो, हे ध्यानात ठेवावे. या दोन जागांवर पेनाने ठिपके द्या, त्यांच्या बरोबर मधोमध तिसरा ठिपका, आणि तशीच खूण दुसऱ्या बाजूला. टेप या मधल्या खुणांवरून जमिनीला समांतर फिरला पाहिजे. पाठीमागे तो हमखास खाली ओघळतो, म्हणून दुसऱ्याने पाहावे किंवा आरशासमोर कडेने उभे राहावे. टेप अंगाला लागलेला असावा, रुतलेला नसावा. माप बेंबीवरून घेऊ नये, कारण पोट ओघळले की बेंबीही खाली जाते. जपानमध्ये बेंबीच्या पातळीवर मोजतात हे खरे, पण त्यांच्या मर्यादाही त्या जागेसाठी ठरलेल्या आहेत, पुरुष ८५ आणि स्त्रिया ९०; जागा जपानची आणि मर्यादा आपली असा हिशेब जुळत नाही.

श्वासाचे म्हणाल तर माप नेहमीचा श्वास सोडल्यावर घ्यायचे असते. टेप पाहिला की जवळपास प्रत्येक पुरुष, कळत किंवा नकळत, पोट आत ओढतो आणि चार-पाच सेंटिमीटर तिथेच गायब होतात. ‘पोट सैल सोडा’ म्हटले की तो आणखी आवळतो. म्हणून मी टेप लावून ठेवतो आणि वाडीचे नाव, एसटी किती वाजता सुटली, यंदा कलमांना मोहर कसा आहे, असे काहीतरी विचारतो. तो बोलू लागला की श्वास आपोआप सुटतो, पोट आपल्या जागी येते आणि वाक्य संपता संपता मी आकडा वाचतो. माप दोनदा घ्यावे. दोन्हींत एक सेंटिमीटरच्या आतला फरक असेल तर सरासरी धरावी, जास्त असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

बायकांचे माप साडीवरून घेऊ नये. निऱ्यांचा एक जाड पुडका कंबरेवर असतो आणि परकराची नाडी मांसात रुतलेली असते. नाडी सोडून, तिचा वळ मावळायला दोन मिनिटे देऊन मग टेप लावावा. नाडीच्या वळावर माप घेणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकीची जागा, कारण तिथे शरीर वर्षानुवर्षे आवळले गेलेले असते. यासाठी आडोसा आणि शक्यतो बाई माणूसच हवे. हे जमत नसेल तर चुकीचे माप लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा.

टेपबद्दलही एक कबुली देतो. दवाखाना सुरू केला तेव्हा मी शिंप्याकडचा कापडी टेप वापरत असे. सहा-सात वर्षांनी तो तुटला, मी फायबरचा नवा आणला, आणि त्या पंधरवड्यात माझ्या सगळ्या जुन्या रुग्णांच्या कंबरा एकदम वाढल्या. रुग्ण ओशाळले, मी त्यांना दोन शब्द सुनावलेही. मग सहज जुना टेप स्टीलच्या पट्टीवर धरून पाहिला तर तो मीटरमागे दीड सेंटिमीटर ताणलेला निघाला. ताणलेला टेप माप कमी दाखवतो. तेव्हा घरचा टेप दर सहा महिन्यांनी लोखंडी पट्टीवर ताडून पाहावा, आणि आमच्याकडच्या दमट हवेत कापडी टेप तर वापरूच नये.

एवढे करूनही एक-दोन सेंटिमीटरची चूक राहतेच. त्यामुळे सरांची कंबर ९५ ऐवजी ९३ किंवा ९७ असेल, पण ती ८६ नाही हे नक्की.

नितंबांचा घेर घेताना टेप नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून जायला हवा, कुल्ह्याच्या हाडावरून नव्हे. कंबरेला या घेराने भागले की जे गुणोत्तर येते त्याची मर्यादा पुरुषांसाठी ०.९० आणि स्त्रियांसाठी ०.८५ आहे. सरांचे ९५ भागिले ९३, म्हणजे १.०२. बाईंचे ८३ भागिले १०६, म्हणजे ०.७८. एका घरातली दोन माणसे, एकाच हंडीतला भात खाणारी, पण कणगी कोणाची मोठी हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. हृदयविकाराच्या झटक्यांवरील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात ५२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांची मापे तपासली गेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कंबर-नितंब गुणोत्तराचा झटक्याशी असलेला संबंध बीएमआयपेक्षा कितीतरी ठळक निघाला. विशेष म्हणजे नितंबांचा मोठा घेर धोका कमी असल्याचे दाखवत होता. मांड्या-नितंबांची चरबी जेवणानंतर रक्तात आलेला मेद शोषून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. शिवाय त्या घेरात शरीरातले सर्वांत मोठे स्नायू असतात. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत प्रथमच कंबर आणि नितंब मोजले, तेव्हा सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष या गुणोत्तराच्या मर्यादेपलीकडे आढळले. स्त्रियांचा आकडा पाहता बाईंचे ०.७८ हे सहज मिळणारे गुणोत्तर नाही.

तरीही या गुणोत्तराबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. ते दोन कारणांनी बिघडू शकते: कंबर वाढल्याने, किंवा नितंबांचे स्नायू झिजल्याने. सत्तरीतल्या कृश आजोबांचे गुणोत्तर वाईट दिसते ते बहुधा दुसऱ्या कारणाने. आणि माणूस बारीक होऊ लागला की वरचा आणि खालचा दोन्ही आकडे उतरतात, गुणोत्तर जागचे हलत नाही आणि रुग्ण हिरमुसतो. म्हणून पहिल्या भेटीत मी ते काढतो, नंतरच्या पाठपुराव्यात फक्त कंबर मोजतो.

घरी करण्यासारखे सर्वांत चांगले माप तिसरेच आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ पासून प्रौढांसाठी हाच निकष बीएमआयच्या जोडीला घेतला आहे, ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि पुढे जास्त धोका. याला आकडेमोडही लागत नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी सुतळी कापा, ती मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती गुंडाळा. टोके भिडली तर ठीक, भिडली नाहीत तर नाही. काथ्याची दोरी घेऊ नये, ती ताणते. कोकणातल्या बुटक्या बांध्याच्या स्त्रियांसाठी हा निकष ८० सेंटिमीटरच्या सरसकट मर्यादेपेक्षा न्याय्य आहे असे माझे मत झाले आहे. १४८ सेंटिमीटर उंचीच्या बाईला ८० कंबर म्हणजे ०.५४ होते, तिची खरी मर्यादा ७४ ला येते, आणि ती वर सांगितलेल्या सावधगिरीच्या पायरीला बरीच जवळ आहे. सरांचे हे गुणोत्तर ०.५७ आहे, बाईंचे ०.५४. तेव्हा बाईंना ‘तुम्ही अगदी निर्धास्त राहा’ असे मी सांगणार नाही. कंबर ८० च्या वर आणि उंचीच्या निम्म्याच्याही वर आहेच. शिवाय पाळी थांबण्याच्या वयात चरबीची जागा बदलू लागते, मांड्यांवरची कमी होऊन पोटावरची वाढते, आणि आज असलेले संरक्षण पुढच्या पाच-सात वर्षांत ओसरू शकते. त्यांच्या गरोदरपणात साखर वाढली होती का, हे सरांनी कळवलेले नाही. वाढली असेल तर माझे उत्तर बदलेल आणि दोघांची तातडी सारखी होईल.

काही वेळा टेप जे मोजतो ती चरबी नसतेच. रोज दारू घेणाऱ्या माणसाचे हातपाय वाळत चालले आणि पोट मात्र दोन-तीन आठवड्यांत भराभर वाढले, तर ते यकृत खराब होऊन पोटात साठलेले पाणी असू शकते. बायकांमध्ये अंडाशयाची गाठही अशीच ‘पोट सुटले’ म्हणून महिनोन्महिने दुर्लक्षित राहते. कंबर वाढते आहे आणि वजन किंवा भूक कमी होते आहे, अशी जोडी दिसली की टेप बाजूला ठेवून सोनोग्राफी करावी. गरोदर स्त्रियांना यांतले कोणतेच माप लागू नाही. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसांत बरगडी आणि कुल्ह्याचे हाड एकमेकांना टेकते, उंचीही कमी भरते, त्यामुळे तिथे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

जिममध्ये किंवा मेडिकलच्या दुकानात पायाखाली ठेवायचे इलेक्ट्रॉनिक काटे असतात, ते चरबीची टक्केवारी आणि वर ‘व्हिसरल फॅट’, म्हणजे पोटाच्या आतली चरबी, असाही आकडा दाखवतात. त्यांतला विजेचा सूक्ष्म प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो. पोटाबद्दल तो जे सांगतो ते वय, उंची आणि वजन यांवरून बांधलेले अनुमान असते. मे महिन्यात घाम गाळून आल्यावर आणि चार तांबे पाणी प्यायल्यावर तोच काटा वेगवेगळे सांगतो. पाच हजारांच्या काट्यापेक्षा पन्नास रुपयांचा टेप या कामाला बरा.

आता या आकड्यांचे करायचे काय? कंबरेचे माप हे निदान नव्हे. पुढच्या तपासण्या कोणी आधी कराव्या एवढेच ते ठरवते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये तयार केलेली गुणपद्धती इथे उपयोगी पडते, कारण तिच्यात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण. पुरुषाची कंबर ९० ते ९९ असल्यास १०. व्यायाम नाही आणि काम बैठे असल्यास ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०. सर स्कूटरने शाळेत जातात आणि संध्याकाळी शिकवण्या घेतात असे त्यांनीच लिहिले आहे, त्यामुळे त्यांचे ७० होतात. साठ आणि त्यापुढे धोका जास्त मानतात. बाईंचे वयाचे २० आणि कंबरेचे १०. विहिरीचे पाणी, गुरे आणि बागेतले शिंपणे यांमुळे त्यांची अंगमेहनत भरपूर आहे, पण वेगळा व्यायाम नाही, त्याचे २०. माहेरी मधुमेह नाही. एकूण ५०, म्हणजे मध्यम.

सरांनी याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातले मेद) आणि यकृताची एसजीपीटी तपासून घ्यावी, आणि रक्तदाब दोन वेगळ्या दिवशी मोजावा. कंबर ९० च्या वर असताना ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी सापडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान आला तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे, आणि तिथून मागे फिरता येते. बाईंनीही याच तपासण्या कराव्यात, पण महिनाभरात केल्या तरी चालतील.

उपायांचा हा प्रश्न नव्हता, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. सरांनी वजन फार उतरवायचे नाही. तीन ते चार किलो पुरे, कारण पोटाच्या आतली चरबी सुरुवातीच्या उतारात प्रमाणाबाहेर लवकर जाते. त्यांना स्नायू कमवायचे आहेत, तेव्हा नुसते चालणे अपुरे पडेल. उठाबशा, जोर, चढावरची वाट, सुट्टीच्या दिवशी बाईंबरोबर विहिरीवरून कळश्या, असे जोराचे काम आठवड्यातून तीन दिवस तरी हवे. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हा समज खरा नाही. त्याने आतले स्नायू कणखर होतात, वरची आणि आतली चरबी जागची हलत नाही. ताटातली मासळी तशीच राहू द्या, रात्रीच्या भाताची एक मूद कमी करा आणि चारच्या चहाबरोबरची खारी-बटर बंद करा.

पुढचे माप तीन महिन्यांनी घ्यावे, त्याआधी नको. दर आठवड्याला मोजणारा माणूस टेपची चूकच मोजत बसतो. त्याच टेपने, त्याच वेळी, त्याच खुणांवर आणि शक्यतो त्याच माणसाच्या हातून, म्हणजे आशाताई पुन्हा आल्या तर उत्तमच. दोन सेंटिमीटरच्या आतला बदल मी बदल मानत नाही. चार सेंटिमीटर उतरली आणि काटा जागचा हलला नाही, तर काटा बिघडला असे समजू नका. चरबी जाऊन तेवढे स्नायू आले असतील. तो कागद आणि रक्ताचे दोन्ही रिपोर्ट, आत्ताचे आणि तेव्हाचे, एकत्र लावून दाखवायला या, आणि येताना पँट कोणत्या मापाची ते सांगू नका.